कंपनीच्या पानावरचा पेंग्विन

मारेगावात माझं कॉम्प्युटरचं दुकान आहे. आधी तिथं क्लास होता. क्लास होता तेव्हा गावातली मुलं मला सर म्हणायची, आता ऑनलाइनचं दुकान झालं तरी सवयीनं सगळे सरच म्हणतात. फॉर्म भरणं, प्रिंट, पासपोर्ट फोटो, लॅमिनेशन, कुणाचा लॅपटॉप बसला तर तो पुन्हा उभा करणं, असं दिवसभर चालू असतं. माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकतो. बायको म्हणते की लोकांचा राग नाकावर असतो, यांचा कीबोर्डवर. दुकानातली एंटरची बटणं सारखी बदलावी लागतात हे खरं आहे.

तुरीच्या सोंगणीचे दिवस होते. गावातल्या एका गुरुजींचा लॅपटॉप दुरुस्तीला आला होता. त्यात सिस्टम नव्यानं टाकायची होती. सिस्टम म्हणजे कॉम्प्युटर सुरू केला की सगळ्यांत आधी जी जागी होते आणि बाकीच्यांना कामाला लावते ती. ती बनवणारी कंपनी जगभर एकच मोठी. आमच्याकडं मशीन कुठलंही असो, आत तिचीच सिस्टम असते. तर मी त्या कंपनीच्या वेबसाइटवर गेलो. तिचं स्वतःचं दुकानच म्हणा ना, जिथं ती आपला माल मांडते. चहाचा कप हातात होता. पान खाली सरकवता सरकवता एका चौकटीशी थांबलो. तिथं पेंग्विन होता.

पेंग्विन म्हणजे दुसऱ्या सिस्टमची खूण. ही दुसरी सिस्टम कुण्या एका कंपनीची नाही. देशोदेशीच्या माणसांनी मिळून लिहिलेली, फुकट वापरा, दुसऱ्याला द्या, आतून उघडून बघा, जमलं तर सुधारा, असा तिचा मोकळा कारभार. कंपनीची ती पक्की सवत. बियाण्याच्या मोठ्या कंपनीनं आपल्या पाकिटांच्या रांगेत शेजारच्या पाटलाचं घरचं सोयाबीन मांडून ठेवावं, तसं ते दिसत होतं. वर नाव, खाली 'मिळवा' असं बटण.

मला आधी वाटलं साइट खोटी आहे. आमच्या धंद्यात खोट्या लिंका रोजच्या. पत्ता एकेक अक्षर करून तपासला. मोबाइलवर उघडून पाहिलं. तिथंही पेंग्विन हजर. चहा निवून गेला, आणि मला चौदा-पंधरा वर्षांपूर्वीची एक मुलगी आठवली. आठवली म्हणणंही खोटंच आहे. ती कधी विसरलोच नव्हतो, फक्त आठवण आली की दुसरं काहीतरी काम काढत होतो.

तिचे वडील वणीकडं कोळशाच्या ट्रकवर ड्रायव्हर होते. मूळचे फुलसावंगीजवळच्या तांड्यावरचे, बंजारा. कुटुंब मारेगावात भाड्याच्या खोलीत राहायचं. मुलगी बारावी झाली आणि माझ्या क्लासला आली. तीन महिन्यांचा कोर्स तिनं महिनाभरात संपवला, मग मीच तिला शिकवायला ठेवून घेतलं. सकाळची टायपिंगची बॅच तिची. पहिल्यांदा माऊस धरणाऱ्या बाया घामाघूम व्हायच्या, तेव्हा ती म्हणायची, "काकू, त्याले दाबू नका, त्याच्यावर नुसता हात ठेवा, पळून नाही जात तो." बाया हसायच्या आणि हात आपोआप सैल पडायचा. माझ्या बायकोशी तिचं इतकं जमलं की दुपारी दोघी एका ताटात जेवायच्या. मला दोन मुलगे आहेत. मुलगी असती तर अशी असावी, असं मी एकदा बायकोला म्हणालो होतो. तिला मात्र कधी म्हणालो नाही. कौतुक तोंडावर केलं की पोरं बिघडतात, अशी माझी तेव्हा ठाम समजूत होती.

ही पेंग्विनवाली सिस्टम तिनंच आणली. कुठल्याशा मासिकासोबत सीडी मिळाली होती. "सर, एका मशीनवर टाकून पाहू," असं ती महिनाभर मागं लागली. मी म्हणायचो, "लोकाइले नोकरीत कंपनीचंच लागते. फुकटचं शिकवून काय पोरं घरी बसवाची?" आता खरं सांगतो. आमच्या आठही मशीनवर कंपनीची सिस्टम होती, पण ती एकाच सीडीवरून आठ जागी उतरवलेली. परवाना एकाचाही नव्हता. तेव्हा सगळीकडं तसंच चालायचं आणि त्यात आपण काही चोरी करतो असं कुणाच्या मनातही येत नसे. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, त्यातली गत.

एका रविवारी सहा नंबरचं मशीन व्हायरसनं पार बसलं. मी गावी गेलो होतो. तिनं ते एकटीनं उघडलं, धूळ पुसली आणि त्यात पेंग्विन टाकून सोमवारी चालू करून ठेवलं.

सोमवारीच नेमके एका शाळेचे मुख्याध्यापक क्लास पाहायला आले. शाळेची पन्नासेक मुलं माझ्याकडं पाठवायचा त्यांचा विचार होता. ते सहा नंबरवर बसले. पडद्यावरचा अनोळखी रंग पाहून म्हणाले, "हे काय? डुप्लिकेट टाकून राह्यले का तुम्ही?"

मी सावरून घेणार होतो. तेवढ्यात ती म्हणाली, "नाही सर, हे फुकटचं आहे पण खरं आहे. डुप्लिकेट तर बाकीचे सात आहेत."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. त्यांनी विचारलं, तिनं सांगितलं. मुख्याध्यापक मोठ्यानं हसले. बॅचमधली पोरंही हसली. माझ्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. सगळ्यांसमोर मी तिला म्हणालो, "असं फुकटचं तुमच्या तांड्यावर चालत असंल. इथं नाही चालत."

तिनं मशीन मी शिकवलं होतं तसं रीतसर बंद केलं, पडदा पूर्ण काळा होईस्तोवर थांबली, ओढणी सावरली आणि गेली. मी हाक मारली नाही. संध्याकाळी त्या मशीनवर पुन्हा आमची ती चोरीची सीडी फिरवली. मुख्याध्यापकांनी मुलं पाठवली. त्यांना त्या गोष्टीनं काहीच फरक पडला नव्हता, असं मागून कळलं.

आठवड्याभरानं त्यांची खोली रिकामी झाली. मंडळी तांड्याकडं परतली म्हणे. बायको माझ्याशी चार दिवस बोलली नाही. मग बोलायला लागली, पण त्या विषयावर नाही.

तर आता ते पान उघडं होतं. मी बायकोला हाक मारली. ती घरातून पोळपाटाचं पीठ हाताला तसंच घेऊन आली आणि माझ्या खांद्यावरून वाकून बघत राहिली.

"हे त्या पोरीवालंच नं?"

"हाव."

"मंग सांगा तिले."

"कुठं सांगू? पत्ता आहे का तिचा?"

"माह्यापाशी नंबर आहे," ती म्हणाली. "दर दिवाळीले फोन येते तिचा. फुलसावंगीत दुकान टाकलं तिनं, तुमच्यासारखंच. लग्न झालं, एक पोरगी आहे."

"मले कधी सांगतलं नाही तू."

"तुम्ही कधी इचारलं?" असं म्हणून ती पोळ्या लाटायला गेली.

फोनवर सांगण्यासारखी ही गोष्ट नव्हती. मी त्या पानाची रंगीत प्रिंट काढली. मग ती लॅमिनेट केली. आमच्याकडं साध्या कागदाला कुणी विचारत नाही. आधार कार्ड, रेशन कार्ड, मुलाची मार्कलिस्ट, देवाचा फोटो, जे जपायचं ते माणसं लॅमिनेट करून घेतात. वीस-एक वर्षं मी लोकांचे कागद टिकाऊ करून देतोय, त्या दिवशी पहिल्यांदा स्वतःसाठी एक केला. बायकोनं पिशवीत तिळाचे लाडू भरले आणि वर म्हणाली, "तिथं जाऊन भाषण नका देऊ."

मारेगावहून यवतमाळ, तिथून आर्णी, मग महागाव, मग फुलसावंगी. जिल्हा एकच, पण एसटीनं या टोकाहून त्या टोकाला जायचं तर अर्धा दिवस मोडतो. दोन्ही बाजूंनी वेचणीला आलेला उरलासुरला कापूस. मी मनात वाक्यं जुळवत होतो. तू तेव्हा बरोबर होतीस. बघ, खुद्द कंपनीनं मान्य केलं. अशी चांगली वजनदार वाक्यं होती. शेजारच्या आजोबांनी मांडीवरचा चकचकीत कागद बघून विचारलं, "सातबारा होय का?" मी म्हणालो, "नाही जी, एक जुनं काम आहे."

दुकान बसस्टॉपजवळच सापडलं. दारात स्टुलावर एक म्हातारे गृहस्थ, डोक्याला पांढरा रुमाल, हातात पुठ्ठ्याचे चौकोनी तुकडे. त्यांवर आकडे लिहिलेले. भिंतीला लागून बाकं आणि बाकांवर माणसं.

"मले मॅडमले भेटाचं आहे," मी म्हणालो.

म्हाताऱ्यानं मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि एक तुकडा पुढं केला. "नंबर घ्या."

"मी गिऱ्हाईक नाही हो. ओळखीचा आहे."

"ओळखीवाल्याले बी नंबरच लागते इथं."

दुसरा दिवस असता तर मी त्याला तिथंच सुनावलं असतं. पण कामच असं होतं की गिळलं. अकरा नंबर घेऊन बाकावर बसलो. आत चार नंबर चालू होता.

उघड्या दारातून ती दिसत होती. अंगानं भरली होती, चष्मा लागला होता. समोर एक वयस्क बाई, हातभर बांगड्या, पेन्शनसाठी हयातीचा अंगठा द्यायला आलेली. अंगठा मशीन घेत नव्हतं. कापूस वेचून वेचून आमच्याकडच्या बायांच्या बोटांवरच्या रेषाच पुसून जातात. माझ्या दुकानात असं झालं की मी म्हणतो, उद्या या, धुऊन या. तिनं त्या बाईचा हात हातात घेतला, ओल्या फडक्यानं पुसला, मग खोबरेल तेलाचं एक बोट चोळलं, पुन्हा पुसला, आणि सारा वेळ बंजाऱ्यांच्या गोरबोलीत काहीबाही गप्पा मारत राहिली. सातव्या-आठव्या वेळेला मशीननं हिरवा दिवा दिला. बाई जिवंत असल्याचं सरकारला कळलं. दोघी हसल्या. या हातांना मी हाकललं होतं.

माझा नंबर यायला दीड तास गेला. आत गेलो तेव्हा ती खाली बघून म्हणाली, "बोला काका, काय काम होतं?" मग वर पाहिलं आणि खुर्चीतून उठली.

"सर?"

"हं."

"तुम्ही बाहेर बसून होते?"

"नंबर लावून आलो," मी म्हणालो.

तिनं एकदा दाराकडं पाहिलं. मग खुर्ची पुसून दिली, पाणी दिलं, जेवले का विचारलं, काकूंची गुडघेदुखी कशी आहे विचारलं. बायकोच्या गुडघ्यांची तिला माझ्याहून जास्त माहिती होती. टेबलावर दोन मशीन होती. एकावर कंपनीची सिस्टम, एकावर पेंग्विन. माझी नजर बघून म्हणाली, "दोन्ही लागते सर. अन् कंपनीवालीचा परवाना घेतला मी."

मी पिशवीतून कागद काढून तिच्यापुढं ठेवला. वजनदार वाक्यांपैकी एकही आठवेना. एवढंच म्हणालो, "हे पाय. त्यांच्याच साइटवर आहे. मी पत्ता तपासला."

तिनं कागद उचलला, उजेडात धरला. लॅमिनेशनवरून बोट फिरवलं आणि हसली. चांगली, मनापासून हसली. "बबल नाही आला एक बी. तुमचं लॅमिनेशन अजून तसंच आहे." मग म्हणाली, "मले माहीत आहे हे सर. लय दिवस झाले त्याले. त्याइच्या सिस्टमच्या आत ही चालते आता. म्हंजे आपल्याच घरात एक खोली देली त्याइनं हिले. लोक मागत होते, मंग ठेवतीलच नं."

"मी आत्ताच पाहिलं," मी म्हणालो. "पाहिलं अन् वाटलं, तुले सांगावं. तू तवा बरोबर होती."

तिनं कागद हळूच टेबलावर ठेवला.

"एक इचारू सर? रागावू नका. कंपनीनं हे लावलं नसतं तर तुम्ही आले असते का?"

मला खोटं बोलता आलं असतं, बोलायला जीभ उचललीही होती.

"नाही," मी म्हणालो.

तिनं मान हलवली. रागानं नाही, हिशेब जुळल्यासारखी. मला माझीच लाज वाटली. तिचं खरं मी तेव्हाही ऐकलं होतं, पण जिची चोरी करत होतो त्या कंपनीनं सांगेपर्यंत मला ते खरं वाटलं नव्हतं. आणि त्यातही मी फक्त कॉम्प्युटरचं खरंखोटं करत बसलो होतो. एवढा लांब प्रवास करून मी चुकीच्या गोष्टीची कबुली द्यायला आलो होतो.

"मी त्या दिवशी तांड्याचं नाव घेतलं," मी म्हणालो. "त्याची माफी मागाची आहे. पेंग्विनचं राहू दे. ते बोलणं वाईट होतं माहं. नीच होतं. मले तू पोरीसारखी होती अन् मी तुह्या घराले बोललो."

तिचे डोळे भरले. चष्मा काढून तिनं ओढणीनं पुसला. "मले तुमचा राग नाही सर. खरंच नाही. तुम्ही शिकवलं त्याच्यावरच तर हे सारं उभं आहे. पण त्या दिवशी माहे बाबा डबा घेऊन आलते. घाईत मी घरीच विसरली होती. क्लासच्या दारात उभे होते ते. त्याइनं ऐकलं. मी बाहेर निघाली तं डबा घेऊन परत जाताना दिसले." तिनं चष्मा पुन्हा लावला. "घरी आले अन् म्हणले, ट्रक सोडून देतो, गावी जाऊ. काहून, ते काही सांगतलं नाही. मी बी इचारलं नाही."

"आता कुठं असतात?"

तिनं पुन्हा दाराकडं पाहिलं. "तुम्हाले बाहेर नंबर कोणं देला सर?"

मी उठलो. ती माझ्यामागं येत होती, तिला हातानं थांबवलं.

बाहेर बाकांवर पाच-सहा माणसं होती. त्या दिवशी मी लोकांसमोर बोललो होतो, म्हणून लोकांसमोरच उभा राहिलो. म्हातारे पुठ्ठे लावत बसले होते. मी त्यांच्यापुढं हात जोडले. "मी मारेगावचा क्लासवाला. तुम्ही मले ओळखलं असंल."

"बसमधून उतरले तवाच ओळखलं," ते पुठ्ठ्यांकडंच बघत म्हणाले.

"तुमच्या पोरीले मी जे बोललो, ते तुम्ही ऐकलं होतं, हे मले आत्ता समजलं. मी चुकलो. तिचं काहीच चुकलं नव्हतं, ती खरं बोलली होती. मले माफ करा."

बाकावरची माणसं आमच्याकडं बघू लागली. म्हाताऱ्यानं पुठ्ठे मांडीवर ठेवले. मला वाटलं, आता नाही म्हणतील आणि म्हटलं तर ते बरोबरच आहे.

"तुमचं मी कवाच सोडून देलं मास्तर," ते म्हणाले. आवाज अगदी साधा होता. "मास्तर हाय, तोंडातून निंगते एखांदं. पण मी दारात होतो नं. डबा हातात घेऊन. माह्या पोरीले कोणी असं बोलून राह्यलं अन् बाप दारात उभा. आत याले पायजे होतं मी. नाही आलो. डबा घेऊन मांगच्या मांगं गेलो. ते लागते मले, आज बी. पोरीले वाटत असंल, बाप काहून आला नाही."

आतून काहीतरी खाली पडल्याचा आवाज आला. ती दारापर्यंत आली होती.

जे खरं होतं तेच तोंडून निघालं. "तुम्ही आत आले असते तर मी तुम्हालेही बोललो असतो. तवा मी तसाच होतो."

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडं सरळ पाहिलं. मिशीआड थोडं हसू आलं. "ते मले माहीत होतं. पोरीसमोर बापाले कोणी बोललं तर ते तिले जास्त लागलं असतं. म्हून तर नाही आलो."

ती येऊन वडिलांच्या स्टुलाशी खाली, जमिनीवरच बसली. इतक्या वर्षांत तिनं जे विचारलं नव्हतं त्याचं उत्तर तिला माझ्यासमोर मिळालं होतं. तिनं त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकलं आणि लहान मुलीसारखी रडू लागली. म्हाताऱ्यांनी एक हात तिच्या डोक्यावर ठेवला, दुसऱ्या हातानं माझं मनगट धरून मला बाकावर बसवलं. रांग थांबून राहिली होती. कुणी घाई केली नाही.